वजनं उचलताना लो-कार्ब: आधी प्रोटीन वाढा, मग भाकरी कमी करा

लो-कार्ब, म्हणजे कर्बोदकं (कार्ब) कमी असलेला आहार, करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्या दिवशी भात बंद करतात, दुसऱ्या दिवशी पोळी, आणि तिसऱ्या दिवसापासून काकडीची कोशिंबीर, पातळ वरण आणि वाफवलेल्या भाज्यांवर दिवस काढू लागतात. दहा-बारा दिवसांत काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो. त्याच सुमारास जिममध्ये कालपर्यंत सहज उठणारा रॉड जड वाटू लागतो, संध्याकाळी डोकं दुखतं, रात्री बिस्किटांच्या डब्याकडे हात जातो, आणि महिना संपायच्या आत आहारही सुटतो नि व्यायामही. भाकरी ताटातून गेली तेव्हा तिच्या जागी काही वाढलंच नव्हतं, म्हणून असं होतं.

वजनं उचलणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. आधी ताटात पुरेसं प्रोटीन येऊ द्या. ते आलं की कार्ब कमी करणं फारसं जड जात नाही, कारण पोट भरलेलं असतं आणि स्नायूंनाही टिकून राहायला लागतं ते मिळालेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमानं लावल्या आहेत.

काट्यावर सगळं दिसत नाही

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या लोकांची ठेवणच अशी आहे: हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटाभोवती. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ बीएमआय २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर ओढली जाते. कमरेची मर्यादाही पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर इतकी कमी ठेवलेली आहे.

याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. मुळातच स्नायू कमी असलेल्या माणसानं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर होता तो स्नायूही जातो. काटा खाली येतो, पण पोट तसंच राहतं. त्यामुळे सुरुवातीला तीन गोष्टी वहीत लिहा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता घेतलेलं वजन. बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता, टेपनं घेतलेलं कमरेचं माप. आणि प्रत्येक व्यायामात आज किती किलो किती वेळा उचलले ते. पुढचे तीन महिने या तिन्ही नोंदी एकत्र वाचायच्या आहेत. सुटा काटा वाचून कसलाही निर्णय घेऊ नका.

आधी डॉक्टरांना कोणी विचारायचं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील आणि तुम्ही अचानक कार्ब निम्मे केले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या घेणाऱ्यांना वेगळा धोका असतो: मीटरवर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन आम्लं साचून कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि फार कमी कार्ब खाण्यानं ती शक्यता वाढते. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर कार्ब कमी झाल्यावर शरीरातलं मीठ-पाणी बाहेर पडून दाब आणखी उतरतो, उभं राहताना चक्कर येते. या सगळ्यांना औषधाची मात्रा आधी बदलून घ्यावी लागते आणि ते काम डॉक्टरांचं आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर हा आहार स्वतःच्या मनानं सुरू करूच नका.

बाकीच्यांनी सुरुवातीला एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासून घ्यावं. शाकाहारी असाल तर बी१२ सुद्धा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की आपण कुठे चाललो आहोत ते कळतं.

किती कार्ब म्हणजे लो-कार्ब?

आपल्या रोजच्या जेवणात साधारण ६० टक्के ऊर्जा कार्बमधून येते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याच्या पोटात त्या हिशेबानं ३०० ग्रॅम कार्ब जातात. कीटो करणारे ५० ग्रॅमच्या खाली राहतात. वजनं उचलायला नुकतीच सुरुवात केलेल्यानं तिथे जाऊ नये. १०० ते १५० ग्रॅम हा पट्टा पुरतो. मांसाहारी माणसाला १२० च्या आसपास आरामात बसता येतं. शाकाहारी माणसाचं बरंचसं प्रोटीन डाळी-उसळींतून येतं आणि त्यांच्याबरोबर कार्ब येतातच, म्हणून त्यानं १५० धरावेत. मटकी-मूग सोडून निव्वळ पनीरवर जगत ५० ग्रॅम गाठण्यात काही शहाणपण नाही.

कार्ब हा शत्रू आहे म्हणून आपण ते कमी करतो आहोत, असं समजू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ जणांना वर्षभर लो-कार्ब किंवा लो-फॅट आहारावर ठेवलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. लो-कार्ब गटाचं वजन सरासरी ६ किलोंनी उतरलं, लो-फॅट गटाचं ५.३ किलोंनी, आणि हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. चरबी उतरते ती खर्चापेक्षा कमी ऊर्जा खाल्ल्यानं. आपल्या ताटात मात्र काटछाट करायला सगळ्यात जास्त वाव कार्बमध्येच आहे, कारण पोहे, पोळी, भात, बटाटा, साखर या पाचांनीच निम्म्याहून जास्त ताट भरलेलं असतं. आपल्यासाठी लो-कार्ब सोयीचं पडतं ते एवढ्याचसाठी.

पहिली पायरी: चार दिवस काहीही न बदलता लिहा

स्वयंपाकघरात एक छोटा डिजिटल काटा आणा. चार दिवस, त्यात एक रविवार धरून, जे खाता तेच खा आणि तोलून लिहा. पीठ, तांदूळ, डाळ कच्चं असतानाच तोला, म्हणजे पाण्याचा घोळ होत नाही.

हिशेबासाठी हे आकडे जवळ ठेवा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कार्ब असतात, पोह्यांत ७७, ज्वारीत ६८, गव्हाच्या पिठात ६४, बाजरीत ६२. ३० ग्रॅम पिठाची पोळी म्हणजे २० ग्रॅम कार्ब. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे ४० ग्रॅम. वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम शिजलेला भातही ४० ग्रॅमच. मध्यम केळं २५ ग्रॅम. कपभर दूध १२ ग्रॅम.

इथे अनेकांचा एक समज दुरुस्त होतो. भात सोडून भाकरी धरली म्हणजे लो-कार्ब झालं, असं पुष्कळ जण मानतात. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त असतात, भाकरीनं पोट लवकर भरतं, त्यामुळे ती भातापेक्षा बरी हे खरं. पण दोन भाकऱ्या खाल्ल्या की ८० ग्रॅम कार्ब पोटात गेलेच. नाचणीचंही तेच, आणि ‘मल्टिग्रेन’ पिठाचंही.

चहा वेगळा लिहा. कपाला दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसाला चार कप होत असतील तर तिथेच एका भाकरीइतके कार्ब गेले, आणि तेही पोट न भरता. सोबतची खारी, टोस्ट, बिस्किटं निराळीच.

दुसरी पायरी: प्रोटीन

पहिले दोन आठवडे फक्त हेच करा. काही सोडू नका, प्रोटीन वाढवा.

बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. वजनं उचलत चरबी उतरवणाऱ्याला किलोमागे किमान १.६ ग्रॅम लागतं. ७५ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, ६० किलोच्या बाईला ९५ ग्रॅमच्या आसपास. वजन फारच जास्त असेल तर आजच्या वजनावर न मोजता, जिथे पोचायचं आहे त्या वजनावर हिशेब करा.

एवढा आग्रह का, ते कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात दिसतं. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा दिली आणि आठवड्याचे सहा दिवस कसून व्यायाम करवून घेतला. निम्म्यांना किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन होतं, निम्म्यांना २.४. जास्त प्रोटीनवाल्यांची चरबी ४.८ किलोंनी गेली, कमीवाल्यांची ३.५ किलोंनी. इतक्या तुटपुंज्या खाण्यातही पहिल्या गटाचं चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढलं, दुसऱ्याचं जवळजवळ होतं तिथेच राहिलं.

मराठी घरात प्रोटीनचा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पहिलं वरण. वाटीभर वरणात २५-३० ग्रॅम तूरडाळ असते, म्हणजे सहाएक ग्रॅम प्रोटीन आणि १५-१६ ग्रॅम कार्ब. ते रोज जेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहता येणार नाही. दुसरं शेंगदाणे. २५ ग्रॅम प्रोटीन शेंगदाण्यांतून हवं असेल तर १०० ग्रॅम शेंगदाणे खावे लागतात आणि ५७० च्या आसपास कॅलरी पोटात जातात. तेवढंच प्रोटीन ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून १७० कॅलरीत मिळतं आणि चिकनच्या सव्वाशे ग्रॅम छातीच्या तुकड्यातून त्याहूनही कमी कॅलरीत. भाजीतलं दाण्याचं कूट, चटणी, ठेचा चवीपुरते असू द्या, पण प्रोटीनच्या रकान्यात ते धरू नका.

एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन. १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये किंवा बांगडा-सुरमईत २० च्या आसपास. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ते २० ग्रॅम, पण सोबत २० ते २५ ग्रॅम फॅटही. वाटीभर दह्यात ५-६. सोया चंक्स १०० ग्रॅमला ५२. व्हे पावडरच्या एका डावात साधारण २४. मासे खाणाऱ्यांनी रवा न लावता तव्यावर कमी तेलात भाजावेत. रव्याचे कार्ब आणि तो पितो ते तेल, दोन्ही वाचतं. बोंबील ओला असताना त्यात पाणीच फार असतं, त्यामुळे त्यातून सुरमईइतकं प्रोटीन मिळेल असं समजू नका.

व्हे पावडर म्हणजे दुधापासून पनीर-चीज करताना उरणारं पाणी गाळून, सुकवून केलेलं प्रोटीन. ‘पावडरनं किडनी जाते’ हे घरोघरी ऐकू येतं. निरोगी मूत्रपिंडांना एवढ्या प्रोटीननं इजा होते असं दिसलेलं नाही. आजारी मूत्रपिंडांची गोष्ट वेगळी, म्हणून तर वर क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. पावडर न घेताही काम होतं. शाकाहारी माणसाला मात्र एक डाव घेतला की हिशेब जुळवणं फार सोपं जातं. घ्यायची तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता पाहून घ्या. जिममध्ये कोणी सुटी, बिनलेबलची पावडर देत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

तिसरी पायरी: आता काढायला सुरुवात

दोन आठवडे प्रोटीन जमलं की कार्बला हात लावा, तेही एकदम नको. पहिल्या आठवड्यात साखर, शीतपेयं, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ काढा. चहा बिनसाखरेचा लगेच जमत नसेल तर चार कपांचे दोन करा आणि साखर अर्धी करा. दुसऱ्या आठवड्यात एका ताटात एकच पिष्ट ठेवा: पोळी असेल तर भात नाही, भात असेल तर पोळी नाही, आणि बटाट्याची भाजी त्या दोघांच्या बरोबरीची धरा. तिसऱ्या आठवड्यात नाश्त्यातले पोहे-उपमा-इडली काढून अंडी, पनीर भुर्जी किंवा मुगाचं धिरडं आणा. एवढ्यात तुम्ही बहुतेक १५० च्या आसपास आलेले असता.

काढलेली जागा भाजीनं भरा, आणि ती वाटीनं नव्हे, ताटलीनं घ्या. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, गवार, घेवडा, पडवळ, दोडका, दुधी, फ्लॉवर, कोबी, वांग्याचं भरीत. आपल्याकडे या भाज्यांची ददात नाही. आमटीत आणि अळूच्या फतफत्यात गूळ घालताना हात आखडता घ्या.

तेलाकडे लक्ष ठेवा. एका ग्रॅम कार्बमध्ये ४ कॅलरी, एका ग्रॅम फॅटमध्ये ९. ‘लो-कार्ब आहे, तूप कितीही चालतं’ असं सांगणारे भेटतील. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १३० कॅलरी, आणि तर्रीदार रश्श्यात असे किती चमचे असतात ते एकदा घरी स्वतः रस्सा करून पाहा. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीतल्या पैलवानाचा खुराक, दूध-तूप-बदामाची थंडाई, हा दिवसाला तासन् तास मेहनत करणाऱ्या आणि अंगावर वजन चढवणाऱ्या माणसासाठी आहे. आठवड्यात तीन तास व्यायाम करणाऱ्यानं तो उचलला तर कंबर वाढणारच.

मांसाहारी माणसाचा एक दिवस असा दिसू शकतो. सकाळी तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि बिनसाखरेचा चहा. दुपारी १५० ग्रॅम चिकन, वाटीभर मटकीची उसळ, ताटलीभर पालेभाजी, दही आणि एक पोळी. व्यायामाआधी एक केळं, नंतर व्हेचा एक डाव. रात्री दोन तुकडे सुरमई, भाजी, कोशिंबीर आणि एक भाकरी. यात १३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि जवळपास तेवढेच कार्ब होतात. शाकाहारी ताटात ऑम्लेटच्या जागी १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, चिकनच्या जागी ४० ग्रॅम सोया चंक्स, आणि रात्री पिठलं, टोफू आणि अर्धी भाकरी ठेवा. प्रोटीन ११०-११५ पर्यंत जातं आणि कार्ब १५० पर्यंत.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीप्रमाणे दिवसातून दोनदाच जेवणारे अनेक जण वजनंही उचलतात. तसं करायला हरकत नाही. मात्र दर जेवणात ५५-६० ग्रॅम प्रोटीन बसवावं लागतं आणि शाकाहारी माणसाला ते फार अवघड जातं. नवख्यानं तीन-चार वेळा खाणं सोयीचं.

चौथी पायरी: उरलेले कार्ब कधी खायचे

जड वजनाच्या पाच-सहा रेपला (एकदा उचलून खाली ठेवलं की एक रेप, सलग रेपचा एक सेट) स्नायू तिथल्या तिथे साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनवर चालतो. आठ-दहा रेपचे सेट एकामागून एक लागले की ग्लायकोजन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, खर्ची पडतं, आणि ते कार्बमधून भरतं. त्यामुळे दिवसाचे निम्मे कार्ब व्यायामाच्या आधीच्या आणि नंतरच्या खाण्यात ठेवा. सकाळी सहाला जिमला जाणाऱ्यानं आदल्या रात्री भाकरी खावी आणि निघताना अर्धं केळं. संध्याकाळी जाणाऱ्यानं दुपारी पोळी आणि चारच्या सुमाराला केळं खावं. सुटीच्या दिवशी पिष्ट थोडं कमी केलं तरी चालतं.

पहिल्या दहा दिवसांचा त्रास

शरीरात ग्लायकोजनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कार्ब कमी केले की हा साठा उतरतो, पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात गेलेले दीड-दोन किलो बहुतांश हेच असतात. त्यावर हुरळून जाऊन खाणं आणखी कमी करू नका.

याच काळात इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकू लागतात. डोकेदुखी, थकवा, पोटऱ्यांत गोळे, उठताना चक्कर हे सगळं बहुधा मिठाच्या कमतरतेचं असतं. रक्तदाब नसेल तर दिवसातून दोनदा मीठ घातलेलं पातळ ताक, मटणाचं किंवा चिकनचं मीठ घातलेलं सूप, नाहीतर डाळीचा कट प्या. नुसतं पाणी पीत राहिलात तर उपयोग होत नाही. घामाघूम होणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांत याची गरज जास्त. शौचाला कडक होत असेल तर पालेभाजी वाढवा, आणि तरीही जमलं नाही तर रात्री भरपूर पाण्याबरोबर इसबगोल घ्या.

व्यायामाची पायरी

आहार कितीही नेटका असला तरी स्नायू टिकवायचा निरोप शरीराला वजनातूनच मिळतो. नवख्याला आठवड्यात तीन दिवस पुरेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रोइंग. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस आणि लॅट पुलडाउन. आलटून पालटून. प्रत्येकाचे तीन सेट, पाच ते आठ रेप, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेटमध्ये आठ-आठ रेप व्यवस्थित झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. मोठा रॉड रिकामाच २० किलोचा असतो. तो जड वाटला तर डंबेलनं सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. घरीच करणार असाल तर जोर, बैठका आणि दारात अडकवलेल्या बारवर पुल-अप एवढ्यानंही पहिले दोन-तीन महिने उत्तम जातात.

बहुतेक जिममध्ये ‘कटिंग (चरबी उतरवणं) चालू आहे ना, मग वजन हलकं कर, रेप वाढव’ असा सल्ला मिळतो. तो मानू नका. पोटाचे शंभर क्रंच मारल्यानं पोटाची चरबी जात नाही, आणि हलक्या वजनाच्या पंचवीस रेपनं स्नायू ‘सुटा’ दिसत नाही. चरबी आहारानं जाते. वजनं जड ठेवायची ती स्नायू जागेवर राहावा म्हणून. फार तर कार्ब कमी केल्यावर पहिले दोन आठवडे वजन वाढवू नका आणि अंग गळाल्यासारखं वाटलं तर एक सेट कमी करा, पण रॉडवरची प्लेट उतरवू नका.

नवख्यांना इथे एक मोठी सवलत आहे. ज्यानं आधी कधी वजनं उचललेली नाहीत, त्याची ताकद कमी खाऊनही पहिले काही महिने वाढत राहते आणि बऱ्याचदा स्नायूही वाढतो. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्याला हे सुख मिळत नाही. ते वाया घालवू नका.

धावायला जायची सक्ती नाही. रोज ८,००० ते १०,००० पावलं चाला. क्रिएटिन मोनोहायड्रेट ही ताकदीसाठी घेतली जाणारी पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलीत तर फायदा होतो, शाकाहारी लोकांना तर विशेष, कारण त्यांच्या जेवणात क्रिएटिन जवळजवळ नसतंच. त्यानं स्नायूंत पाणी धरलं जाऊन काटा किलोभर वर जाऊ शकतो. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिनही थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

झोपेबद्दल एवढंच सांगतो, पण ते गांभीर्यानं घ्या. शिकागो विद्यापीठाच्या २०१० च्या एका छोट्या प्रयोगात दहा जणांना तोच तुटीचा आहार दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा देऊन दिला. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो गेली आणि अपुऱ्या झोपेत ०.६. बाकीचं चरबीविरहित वजन होतं.

उपवास, श्रावण, पंगत

एकादशी आणि संकष्टी हा मराठी लो-कार्बचा खरा कस. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट: १०० ग्रॅमला ९० च्या आसपास कार्ब आणि प्रोटीन नावापुरतं. भगर आणि बटाटाही त्याच वाटेचे. उपवास श्रद्धेनं करत असाल तर तो जरूर करा. दही, ताक, पनीर, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची पातळ आमटी आणि थोडासा राजगिरा यांवर दिवस छान जातो. खिचडी खायचीच असेल तर ती व्यायामाच्या दिवशी, वाटीभर खा आणि भाकरीच्या जागी धरा. श्रावणात मांसाहार बंद होतो, तेव्हा महिनाभरासाठी शाकाहारी ताटाचा हिशेब आधीच लिहून ठेवा, नाहीतर प्रोटीन एकदम निम्म्यावर येतं.

लग्नाच्या पंगतीत किंवा गणपतीत मोदक नाकारत बसू नका. त्या दिवशी आधीच्या जेवणात प्रोटीन आणि भाजी घ्या, मोदक आनंदानं खा, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर परत या. काटा किलोभर वर दिसेल. ते मीठ-पाणी असतं, तीन-चार दिवसांत उतरतं. शिक्षा म्हणून उपाशी राहू नका.

नोंदी कशा वाचायच्या

आठवड्याचं सरासरी वजन काढा आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. पहिल्या आठवड्यानंतर दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट योग्य, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४०० ते ८०० ग्रॅम. त्याहून वेगानं उतरत असेल आणि रॉडवरचं वजन घसरत असेल तर जेवण वाढवा. पाळीच्या आधी स्त्रियांचं वजन एक-दोन किलोंनी सहज वाढतं, म्हणून त्यांनी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. पाळी लांबू लागली किंवा थांबली तर आहार लगेच वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.

काटा हलत नाही पण कंबर कमी होते आहे आणि ताकद वाढते आहे, असं असेल तर काहीच बदलू नका. तुम्हाला हवं तेच चालू आहे. काटा आणि कंबर दोन्ही तीन आठवडे जागच्या जागी असतील तर कार्ब आणखी कापण्याआधी चार दिवस पुन्हा तोलून लिहा. बहुतेक वेळा तेल, दाणे, रविवारचा चाखणा आणि पेग यांत उत्तर सापडतं. तिथेही नाही सापडलं तर रोजचं एक मोठा चमचा तेल आणि अर्धी पोळी कमी करा.

बारा-चौदा आठवड्यांनी थांबा, कंबर अजून हवी तिथे आली नसली तरी. दर आठवड्याला एक पोळी किंवा अर्धी भाकरी ताटात परत आणा, व्यायामाच्या दिवसापासून सुरुवात करा आणि प्रोटीन आहे तिथेच ठेवा. ग्लायकोजन परत भरताना पहिल्या पंधरवड्यात वजन किलो-दीड किलोनं वाढेल. टेपवरचा आकडा तसाच असेल तर घाबरायचं कारण नाही, पुढच्या आठवड्याची पोळीही वाढवा. टेप एक सेंटीमीटरहून जास्त सरकली तर आहे त्या प्रमाणावर दोन आठवडे थांबा आणि मग पुन्हा मोजा.